भाग ३७ : बंडीच्या जुवापासून हवेच्या स्प्रिंगपर्यंत

आजचा भाग मी गावाकडून रेकॉर्ड केलाय, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून. त्यामुळे ऑडिओत मागे कोंबडे आहेत, ट्रॅक्टर आहे, आणि दोनदा आमचे आबाजी मध्येच बोललेत. त्यांना कट केलेलं नाही. का, ते पुढे कळेलच.

विषय आहे पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर बसवायची हवेची स्प्रिंग. थांबा, स्किप करू नका. मलाही सुरुवातीला वाटलं होतं की हा काही इतिहासाचा विषय नाही, हा तर गॅरेजचा विषय आहे. पण ओझं वाहायचा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे, आणि आमच्या अंगणात त्या दिवशी त्याच्या तीन पिढ्या एकत्र बसल्या होत्या.

माझा मोठा चुलतभाऊ, दादा, झाडीपट्टीच्या नाटकांना सामान पुरवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा जो जंगलाचा आणि धानाचा पट्टा आहे, ती झाडीपट्टी. धान कापून झाला, दिवाळी झाली, की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो तो पार होळीपर्यंत. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटे संपतं. कंपन्यांचा मुख्य अड्डा गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. २०२३ मध्ये या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आज या गावात प्रयोग, उद्या चाळीस किलोमीटरवर. आणि सगळं सामान रातोरात, जंगलातल्या रस्त्याने.

दादाच्या पिकअपमध्ये पाइप, पडदे, साउंडचे खोके. मागे हूकला अडकवलेली दोन चाकांची ट्रॉली, त्यावर जनरेटर. भरल्यावर गाडी मागून इतकी बसायची की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. समोरचा ट्रकवाला शिव्या देऊन जायचा. स्टेअरिंग हातात हलकं लागायचं, पुढची चाकं रस्त्याला नीट टेकलीच नाहीत असं.

यावर आमच्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे पाटा वाढवणे. मागच्या हंगामात दादाने मिस्त्रीकडून एकेक जादा पाटा टाकून घेतला. भरलेली गाडी बरी चालायला लागली. पण सामान उतरवून रिकामी परत यायला लागली की बैलासारखी उधळायची. एकदा ॲम्प्लिफायरच्या आतलं सर्किटच सुटलं. म्हणून या दिवाळीत त्याने मोबाइलवरून हवेच्या स्प्रिंगचा सेट मागवला. खोक्यातून दोन काळे रबरी भोपळे निघाले, पट्ट्या, नट-बोल्ट आणि बारीक नळी.

आबाजी खाटेवर बसून बघत होते. त्यांनी विचारलं, "हे का व्हय बाबू?"

दादा म्हणाला, "हवा भराची पिशवी आहे आबाजी. आता कितीही माल टाकला तरी गाडी बसणार नाही."

आबाजी म्हणाले, "गाडी बसलीच नाही, तं माल किती झाला हे कसं समजन?"

आम्ही दोघं हसलो. हे वाक्य लक्षात ठेवा.

आबाजींच्या तरुणपणी इकडे ओझं वाहायचं म्हणजे बंडी. तुमच्याकडे बैलगाडी म्हणत असतील. बंडीला कसलीही स्प्रिंग नाही. लाकडी चाकं, त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव, मध्ये आस, आणि आसावर सरळ साटी. दगडावर चाक चढलं की धक्का साटीतून, धुऱ्यातून, जुवातून थेट बैलाच्या खांद्यावर. स्प्रिंग नव्हती असं म्हणण्यापेक्षा बैलच स्प्रिंग होता म्हटलं तरी चालेल.

पण बंडीवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. ती आज पिकअपला ट्रॉली जोडणाऱ्या अनेकांना माहीत नसते. दोन चाकांची गाडी म्हणजे तराजू. आसाच्या मागे ओझं जास्त झालं की बंडी उलाळ होते : धुरा वर उचलला जातो, जू मानेवरून सुटायला बघतं, आणि गळ्याखालचा पट्टा बैलाचा गळा आवळतो. पुढे जास्त झालं की जू खांद्यात रुततं आणि बैल चार पावलांत थांबतो. आबाजींनी मला त्यांची परीक्षा सांगितली. धानाची पोती रचून झाली की जुपायच्या आधी जू हाताने उचलून बघायचं. उचललं गेलं पाहिजे, पण सोडलं की खालीही आलं पाहिजे. नाही आलं तर दोन पोती पुढे सरकवा. उचललंच जात नसेल तर मागे.

आता हीच गोष्ट ट्रेलरच्या भाषेत. ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी साधारण दहा ते पंधरा टक्के वजन हूकवर यावं, असं बऱ्याच ठिकाणी शिकवलं जातं. त्याहून फार कमी असेल तर ट्रॉली वेगात शेपटी हलवायला लागते आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जाते. फार जास्त असेल तर गाडीचं मागचं अंग दबतं. आबाजींनी टक्केवारी कधी काढली नाही, पण गणित तेच.

या ओझ्यानेच गोंदिया घडवलं. छत्तीसगडचं धान्य बाहेर काढण्यासाठी नागपूरहून राजनांदगावकडे मीटरगेज लाइन टाकली गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत अडीच फूट रुंदीची नॅरोगेज निघाली. रूळ दोन मापांचे, त्यामुळे छोट्या गाडीतला माल गोंदियात उतरवून मोठ्या गाडीत चढवावा लागायचा. जंक्शन, हमाल, गोदामं, पुढे राइस मिल. पण स्टेशनपर्यंत माल आणत होती ती बंडीच. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तोवर धानाच्या पोत्याला ट्रक मिळाला होता, तरी शेतातून घरापर्यंतच्या वाटेवर बंडीच होती.

बंडीला पहिला खरा आराम मिळाला तो स्प्रिंगने नाही, टायरने. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८८८ मध्ये जॉन डनलॉपने बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला, आणि मग जग बदललं. पुढे १९३६ मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना उभा राहिला. बैलगाडीला टायर लागले. उत्तर भारतात तर अशा गाडीचं नावच डनलप पडलं. त्याच बैलजोडीने जास्त माल ओढता येऊ लागला, कारण धाव मातीत रुतते आणि टायर मातीवर पसरतो. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी पुढे कितीतरी वर्षं बैलगाडी सुधारण्यासाठी खटपट केली. मॅनेजमेंटच्या एवढ्या मोठ्या संस्थेचा संचालक बैलाच्या मानेची काळजी करतो, हे मला तरी फार आवडलं.

मुद्दा असा की ओझं हवेवर ठेवायची कल्पना दादाच्या खोक्यातून नाही आली. टायर हीच पहिली हवेची स्प्रिंग.

दुसरीकडे पाट्यांचा प्रवास वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ओबडाया इलियटने घोड्याच्या बग्गीसाठी कमानदार पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. बग्गीतून ते मोटारीत आले, मोटारीतून ट्रकमध्ये. १९५४ मध्ये जमशेदपूरला जर्मन डेम्लर-बेंझच्या सहकार्याने टाटांचे ट्रक बनायला लागले, १९८६ ला ४०७ आली, २००५ ला छोटा हत्ती. या सगळ्यांच्या पोटाखाली बघा, मागे पाटेच. स्वस्त, दणकट, आणि तुटला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिस्त्री दुसरा टाकून देतो. पाट्याची अडचण एकच. तो एकाच ओझ्यासाठी बनलेला असतो. भरलेल्या गाडीला योग्य तो रिकाम्या गाडीला कडक, रिकाम्याला योग्य तो भरल्यावर लोळतो.

हवेचं तसं नाही. ओझं वाढलं, हवा वाढवा. ओझं उतरलं, हवा सोडा. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने १९३० च्या दशकात यावर काम सुरू केलं. १९५४ मध्ये तिकडच्या ग्रेहाउंड बसकंपनीसाठी जनरल मोटर्सने बनवलेली सीनिक्रूझर बस हवेवर धावू लागली. १९५७ ला कॅडिलॅकने आपल्या सगळ्यात महागड्या गाडीला हवेच्या स्प्रिंग लावल्या. त्या इतक्या गळायच्या की अनेक मालकांनी काढून साध्या लोखंडी स्प्रिंग बसवल्या. श्रीमंताचा पैसाही हवेत जातो, दुसरं काय. मिशिगनमधली एअर लिफ्ट कंपनी १९४९ पासून फक्त हवेच्या स्प्रिंगच्याच मागे लागली, आणि पाटे तसेच ठेवून त्यांच्या मदतीला रबरी भोपळे लावायचे, हा पिकअपवाल्यांचा जोडधंदा तिकडे रुजला.

आपल्याकडे हवेच्या स्प्रिंगची सगळ्यात मोठी परीक्षा मुंबईच्या लोकलने घेतली. पहाटे रिकामा डबा, नऊ वाजता त्याच डब्यात मुंगीला जागा नाही. लोखंडी स्प्रिंग इतक्या फरकाला पुरत नव्हती. म्हणून डब्याखाली हवेच्या स्प्रिंग आल्या : माणसं वाढली की व्हॉल्व्ह आपोआप हवा वाढवतो, उतरली की सोडतो, आणि डब्याची उंची जवळपास तीच राहते. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-बिलासपूर वंदे भारत सुरू झाली, ती गोंदियाला थांबते. तिच्याही पोटात हवेच्या स्प्रिंग आहेत.

आता पुन्हा अंगणात या. गाडी सपाट जागेवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले. दादाने टेप घेऊन जमिनीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची रिकाम्या गाडीची उंची मोजली आणि भिंतीवर कोळशाने लिहिली. हे आधी करायचं असतं, नंतर आठवून उपयोग नाही. मग चेसिस उचलून घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकवर ठेवून कोणीही खाली शिरू नका, प्लीज. ॲक्सलच्या वर चेसिसला एक जाड रबर असतं, खड्ड्यात ॲक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून. ते काढून तिथे वरची पट्टी, खाली ॲक्सलवर यू-बोल्टने दुसरी, मध्ये भोपळा. बघायच्या गोष्टी तीन होत्या : ब्रेकची नळी कुठे दबत नाही ना, सायलेन्सर रबराच्या फार जवळ नाही ना, आणि भोपळा सरळ उभा आहे ना. तिरपा बसला तर घासून फाटतो.

डाव्या-उजव्या भोपळ्याला नळी वेगवेगळी न्यायची. मी विचारलं, एकच का नाही, एकदाच हवा भरता येईल. एकच नळी ठेवली तर वळणावर बाहेरच्या बाजूची दबलेली हवा आतल्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. नळी ब्लेडने सरळ कापायची, पक्कडने चेपायची नाही. शेवटी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, पंक्चरवाला बघतो तसे. गाडी रिकामी असली तरी पाच हवा आत राहिलीच पाहिजे, नाहीतर रबर स्वतःच्याच घडीत चिरडतं.

संध्याकाळी माल भरला, ट्रॉली जोडली, पंपाने हवा भरली. कोळशाच्या आकड्याइतकी उंची आली. हेडलाइट रस्त्यावर. दादाने फोटो काढून स्टेटसला टाकला.

त्या रात्री मी त्याच्याबरोबर होतो. नवेगावबांधवरून कोहमाऱ्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल, थंडी. वेग साठच्या आतच. एका उताराला चितळांचा कळप आडवा आला. दादाने ब्रेक दाबला. गाडीने पुढून मान खाली घातली, पण थांबेना. मागून कोणीतरी दोन्ही हातांनी ढकलतंय असं वाटलं. ट्रॉली तिरपी होत होती, आरशात जनरेटरचं तोंड दिसलं. आम्ही डांबर सोडून कडेच्या मुरमात उतरलो आणि तिथे थांबलो. चितळं गेली. हूक वाकला होता. कोणाला काही झालं नाही. दादा स्टेअरिंग धरून बराच वेळ काही बोललाच नाही. आणि तो माणूस झोपेतही बोलतो.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून पाच मिनिटांत दाखवलं. मागच्या ॲक्सलपासून एक बारीक दांडी चेसिसवरच्या व्हॉल्व्हला जोडलेली होती. अनेक पिकअपना ती असते. गाडी बसली की दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की माल आहे, आणि तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब वाढवून देतो. गाडी रिकामी असली की कमी करतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन घसरू नयेत. नव्या गाड्यांमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक्सने होतं, पण दादाची गाडी जुनी. आम्ही भरलेली गाडी हवेने उचलून बरोब्बर रिकाम्या उंचीवर आणली होती. व्हॉल्व्हला वाटलं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट, आणि ट्रॉलीला तर स्वतःचे ब्रेकच नाहीत.

गाडी बसलीच नाही, तं माल किती झाला हे कसं समजन. आबाजींचा प्रश्न माणसासाठी होता. तो त्या व्हॉल्व्हलाही लागू होता.

मग आम्ही वजनं केली. आमच्याकडे धानाची पोती मोजायचा काटा आहे, त्याच्यावर ट्रॉलीची पुढची दांडी टेकवली. एकशे नव्वद किलो! ट्रॉली जनरेटरसकट आठशेच्या आसपास, म्हणजे जवळपास चोवीस टक्के. जनरेटर पुढे सरकवून बांधला की ट्रॉली शांत चालते, असा दादाचा हिशोब होता. आता जरा गणित. दादाच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण तीन मीटर अंतर आहे आणि हूक मागच्या ॲक्सलपासून एक मीटर वीस सेंटिमीटर मागे. हूकवर एकशे नव्वद किलो टेकले की तरफेसारखं होतं : पुढच्या चाकांवरून शहात्तर किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर दोनशे सहासष्ट येतात. हवेची स्प्रिंग गाडी वर उचलते, पण ते शहात्तर किलो पुढे परत नेत नाही. गाडी सरळ दिसते, स्टेअरिंग हलकंच राहतं. ॲक्सलची ताकद, टायरची ताकद, ब्रेकची ताकद, सगळं होतं तेवढंच. आम्हाला वाटलं होतं आम्ही क्षमता वाढवली. आम्ही फक्त उंची वाढवली होती.

बरं, कायद्याचं. २०१९ च्या सप्टेंबरपासून ओव्हरलोडचा दंड वीस हजार, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते. आणि त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येणार नाहीत. म्हणजे असं काही लावायच्या आधी आरटीओत जाऊन विचारायचं असतं. आम्ही नंतर गेलो. दादाला तिथे काय ऐकावं लागलं ते या भागात येणार नाही, तो ऐकतोय.

भोपळे त्याने कायमचे काढले का? नाही. आरटीओचं उत्तर येईपर्यंत काढून ठेवले होते. तोवर जनरेटर मागे सरकवून बांधला, काट्यावर नव्वद किलो आले. मागच्या चाकांवर एकशे सव्वीस, पुढून कमी झाले फक्त छत्तीस. साउंडचे खोके दुसऱ्या गाडीत गेले, त्याचं भाडं जातं. दांडीचं माप कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे तपासून घेतलं, आणि ट्रॉलीला ब्रेक लावायचं काम सध्या चालू आहे.

भोपळे परत लागले तेव्हा भरायची पद्धत बदलली. आधी हवा फक्त पाच. त्याच हवेवर सगळा माल चढवायचा, ट्रॉली जोडायची, आणि गाडीला बसू द्यायचं. मडगार्डवर दादाने पांढऱ्या पेंटने एक रेघ मारली आहे. टायर त्या रेघेच्या वर गेला तर माल उतरवायचा, पंपाला हात लावायचा नाही. रेघेच्या खाली असेल तरच हवा, आणि तीही पूर्ण रिकाम्या उंचीपर्यंत नाही, दोन बोटं कमी. म्हणजे दांडीलाही थोडं कळत राहतं.

परवा निघायच्या आधी आबाजी काठी टेकत ट्रॉलीपाशी आले. हूक अजून लावला नव्हता. "उचला," म्हणाले. मी आणि दादाने दोघांनी मिळून दांडी उचलली.

"सोडा."

खाली आली. आबाजी परत खाटेकडे गेले.